केडियमची झाळ

हेरवडीतल्या मुली लग्न होऊन परगावी गेल्या की पहिले काही दिवस त्यांना करमत नाही म्हणतात, कारण तिथं हातोडीचा आवाज नसतो. पंचगंगेच्या खोऱ्यातलं हे गाव चांदीच्या पैंजणांवर जगतं. दोन हजार एक्केचाळीस साल उजाडलं, पैंजणांचे नमुने संगणक काढून द्यायला लागले, साखळ्या यंत्रावर विणल्या जाऊ लागल्या, तरी साखळीला घुंगरू जोडायचं काम अजून माणसाच्याच हातात होतं. फुंकणीनं ज्योत वळवायची, झाळेचा, म्हणजे डाखाचा, कण वितळवायचा आणि सांधा असा बसवायचा की त्यावरून नख फिरवलं तरी अडकू नये. या कामात भूपाल उपाध्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. सारा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. त्यांच्या खालोखाल नाव होतं त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, नेमिनाथचं. म्हणजे नेमूचं.

नेमू छत्तीस वर्षांचा. तालमीत घडलेलं अंग, भरदार छाती. सर्दीपडशानंसुद्धा तो कधी आडवा पडला नव्हता. बायको चंदना निपाणीची, हसरी आणि जिभेनं तेज. दोघांचं चांगलं जमायचं. पण लग्नाला आठ वर्षं होऊन गेली तरी घरात पाळणा हलला नव्हता.

चंदनाच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, कोल्हापूर झालं, बेळगाव झालं. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर म्हणायचे, "तुमच्यात काही दोष नाही. आता मिस्टरांना घेऊन या." आणि प्रत्येक वेळी नेमूची नेमकी एखादी तातडीची ऑर्डर निघायची.

"माझ्यात काय असणार?" तो म्हणायचा. "बघ की माझ्याकडं."

चंदना बघायची आणि पुढच्या तारखेला एकटीच दवाखान्यात जायची.

शेजारच्या गल्लीत आप्पांची धाकटी बहीण राहायची, रत्नाआत्ती. तिच्या नातवाच्या बारशाला चंदना कुंकवाचं ताट घेऊन पुढं झाली, तेव्हा आत्तीनं ते अलगद तिच्या हातातून काढून घेतलं. "राहू दे गं, तू न्हवं," एवढंच म्हणाली. घरी आल्यावर चंदनानं ही गोष्ट हसतहसत सांगितली. पण त्या दिवशी भाकऱ्या थापताना तिच्या हाताचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत जात होता.

त्याच महिन्यात गावात ती गाडी आली.

आरोग्य खात्याची फिरती गाडी होती, आणि तिच्यात 'धातुदर्शक' नावाचं नवं यंत्र होतं. जिथं जिथं धातूचं काम चालतं, त्या गावांतल्या कारागिरांच्या अंगात किती धातू मुरलाय ते बघायचं, असा सरकारचा कार्यक्रम होता. चार दिवस कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी चंदनानं नेमूच्या हातातली फुंकणी काढून घेतली.

"ह्यात काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. नुसतं आडवं पडायचं. तेवढं तरी जमेल ना तुम्हाला?"

नेमू गेला. गाडीतल्या डॉक्टरांचं नाव रेहाना मुजावर. चाळिशीच्या, मिरजेच्या, घड्याळाकडं न बघता बोलणाऱ्या. त्यांनी नेमूला एका फळीवर झोपवलं. डोक्यापासून पायापर्यंत एक कमान सावकाश सरकत गेली. ना दुखलं, ना खुपलं.

"झालं?" नेमूनं विचारलं.

"झालं. या, बघा आता."

यंत्र काय करतं ते डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं. अगदी मंद क्ष-किरणांनी ते शरीराला हाक मारतं. मांस, पाणी, रक्त त्या हाकेला गप्प राहतात. धातू मात्र 'ओ' देतात, आणि प्रत्येक धातूचा आवाज ठरलेला. शिशाचा वेगळा, पाऱ्याचा वेगळा, कॅडमियमचा वेगळा. पूर्वी ही हाक एवढी मोठ्यानं मारावी लागायची की माणसालाच इजा व्हावी. आताच्या यंत्राचे कान इतके तिखट झाले होते की कुजबुज पुरेशी होती.

पडद्यावर नेमूची आकृती उमटली. काळ्या पार्श्वभूमीवर निळसर माणूस. बरगड्यांखाली दोन्ही बाजूंना मूत्रपिंडं पिवळीजर्द पेटलेली. आणि खाली, जांघांच्या मध्ये, तसेच दोन लहान दिवे.

नेमूनं मान वळवली. परक्या बाईसमोर हे बघायचं त्याला कसंतरी झालं.

"लाजू नका," मुजावर डॉक्टर म्हणाल्या. "हे कॅडमियम आहे. तुम्ही झाळेत काय वापरता?"

"केडियम. सगळेच वापरतात. बंदी आहे, पण... त्याच्याशिवाय झाळ पाण्यासारखी पळत नाही."

"तेच. ज्योतीखाली ते वितळतं, त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं आणि श्वासातून आत जातं. एकदा गेलं की पंधरा-वीस वर्षं मुक्काम हलवत नाही. आता ऐका. कॅडमियम हे जस्ताचं भाऊबंद आहे. दिसायला-वागायला इतकं सारखं, की शरीर फसतं आणि जस्ताच्या जागेवर त्याला बसवतं. पुरुषाचं बीज तयार व्हायला जस्त पाहिजे. खुर्चीवर भलताच माणूस येऊन बसला की कारखाना बंद पडतो. शिवाय त्या कारखान्याभोवती शरीरानं एक भिंत घातलेली असते, रक्तातलं काही वाईटसाईट आत जाऊ नये म्हणून. कॅडमियम त्या भिंतीचेच सांधे उसवतं."

नेमू सांधे जोडणारा माणूस. सांधा उसवणं म्हणजे काय हे त्याला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

"म्हणजे मी... माझ्यात..."

"तुमच्या ताकदीशी याचा काही संबंध नाही. तुम्ही धडधाकट आहात. पण तुमचं बीज तपासायला हवं. मुलं आहेत?"

नेमूनं नकारार्थी मान हलवली.

डॉक्टरांनी पडद्यावर जबड्याचं चित्र मोठं केलं. दाढ लहानपणी थराथरानं तयार होते आणि ज्या वर्षी अंगात जे असतं ते त्या थरात कायमचं अडकतं, असं त्या म्हणाल्या. नेमूच्या दाढेत एक कडं ठळक पिवळं होतं, सहा ते नऊ वर्षांच्या वयाचं. "एवढ्या लहानपणी इतकं? त्या वयात इजा जास्त खोलवर होते. तेव्हा काय झालं होतं?"

काय झालं होतं हे नेमूला नीट माहीत होतं. तो सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. मामा न्यायला आला होता, रत्नाआत्तीही म्हणाली होती की पोराला माझ्याकडं ठेव. आप्पांनी कुणाला दिलं नाही. शाळा सुटली की नेमू थेट त्यांच्या मांडीशी. एका हातानं फुंकणी धरून दुसऱ्या हातानं ते त्याला थोपटायचे. तो तिथंच जेवायचा, तिथंच पोत्यावर झोपायचा. आई गेल्यानंतरची ती वर्षं खरं तर रडण्याची. पण नेमूला आठवायची ती उबेची, निळ्या ज्योतीची आणि आप्पांच्या गुणगुणण्याची.

"काही नाही," तो म्हणाला. "वडिलांजवळ बसायचो."

चंदनाला त्यानं नदीच्या घाटावर नेलं. घरात बोलणं शक्य नव्हतं, आप्पा ओसरीवरच बसलेले असायचे. पायरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, सावरून घेतलं नाही. चंदना ऐकत राहिली. समोर पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं.

"आठ वर्षं," ती शेवटी म्हणाली. "आठ वर्षं मी मान खाली घालून फिरले. आणि तुम्हाला एक बाटली भरून द्यायची लाज वाटली?"

"चंदू..."

"थांबा. मला जरा रागवू द्या. पुन्हा अशी संधी मिळायची नाही."

ती खरोखरच रागावली. माहेरच्या शिव्यांपर्यंत गेली. नेमूनं सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं. मग ती रडली, मग नदीच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि पदरानं पुसत म्हणाली, "आणि ते दाढेचं?"

"त्याचं काय?"

"आप्पांना ते सांगायचं नाही. केडियमचं सांगू हळूहळू. पण दाढेचं नाही. त्या माणसानं तुम्हाला पोटाशी धरून वाढवलंय. त्याच मायेनं घात केला हे त्यांना कळलं ना, तर जेवायचे नाहीत ते पुन्हा."

ज्या घराण्याच्या नावानं हिनं आठ वर्षं टोमणे खाल्ले, त्याच घरातल्या म्हाताऱ्याची हिला पहिली काळजी. नेमूला तिच्याकडं बघवेना. त्यानं नुसता तिचा हात धरला, भर घाटावर, लोकांदेखत.

तपासणी झाली. काचेखालच्या थेंबात हालचाल नव्हती. पण उपाय नव्हता असं नाही. तीनेक वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी एक प्रथिन घडवलं होतं, संगणकावर आकार ठरवून, कुलपाला किल्ली घडवावी तसं. ते रक्तातून फिरतं, जस्ताला ओळख देत नाही, तांब्याला देत नाही, फक्त कॅडमियम दिसलं की पकडतं. आणि पकडलं की सोडत नाही. मग तसंच लघवीवाटे बाहेर. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. धातूच्या कारखान्यांतले कामगार त्याला 'खेकडा' म्हणायचे, आणि पुढं डॉक्टरही तेच म्हणू लागले. दर पंधरवड्याला एक सुई, कोल्हापूरला मुजावर डॉक्टरांच्या दवाखान्यात, सात-आठ महिने. नवं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे धातू निघाल्यावरही वाट बघायची.

"कारखान्याची मूळ यंत्रं शाबूत असली तर तो पुन्हा सुरू होईल," मुजावर डॉक्टर म्हणाल्या. "नसली तर नाही. हे मी आधी सांगू शकत नाही. आणि एक अट आहे. धुराजवळ जायचं नाही. एका बाजूनं खेकडा काढतोय आणि दुसऱ्या बाजूनं तुम्ही भरताय, असं चालणार नाही."

घरी नेमूनं सांगितलं की पाठ धरलीय, मणक्याची सुई घ्यावी लागते, वाकून बसायचं नाही. त्यानं पॉलिश आणि गिऱ्हाईक सांभाळायला घेतलं. झाळकाम सगळं आप्पांवर पडलं. सत्तरी गाठलेला तो माणूस सकाळपासून धुरात बसायचा आणि वर म्हणायचा, "तू आराम कर रं. पाठीचं दुखणं लई वंगाळ." नेमूला पॉलिशच्या खोलीत बसवेना आणि उठून खरं सांगवेना.

पण आप्पा काही दूधखुळे नव्हते. पाठ धरलेला माणूस चांदीची पेटी उचलून गाडीत ठेवतो, हे त्यांनी दोनदा पाहिलं होतं. कोल्हापूरहून येताना नवरा-बायको काहीतरी बोलत येतात आणि दारात आल्यावर गप्प होतात, हेही. एके दिवशी ती गाडी पुन्हा गावाबाहेर येऊन थांबली, तेव्हा ते कुणाला न सांगता तिच्यात गेले.

नेमू बाजारातून परतला तेव्हा ओसरीवर हातोडी वाजत नव्हती. ज्योत विझलेली होती. आप्पा भिंतीला टेकून बसले होते आणि चंदना त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तांब्या तसाच भरलेला होता.

"बस," आप्पा म्हणाले.

नेमू बसला.

"आज माझं चित्र काढून आलो. मूत्रपिंडं नुसती दिवाळी. डॉक्टरीण म्हणाली, आप्पा, तुम्ही चालता-बोलता हाय हेच नवल. मी इचारलं, माझ्या पोराचं बी असंच हाय का? ती म्हणाली, दुसऱ्याचं सांगता येत न्हाई. गुणी बाई. मग मी इचारलं, समजा एखादं पोरगं हाय, सहा-सात वर्षांचं, रोज झाळेपाशी बसवलं, तर? ती गप्पच झाली. लई येळ गप्प बसली, नेमू. तवा मला कळलं."

"आप्पा..."

"तुझी आई गेली त्याच्या आदल्या साली मी केडियम आणलं घरात. झाळ कशी पळायची! मी म्हटलं, देवानं दिलं. आणि तुला जवळ घिऊन बसायचो. तवा आतल्या खोलीत बसायचो, खिडकी लावून घ्यायचो रं मी, वाऱ्यानं ज्योत हलती म्हणून. आणि तुला थंडी वाजंल म्हणून."

त्यांचा आवाज कोरडा होता. चंदनानं तोंडाला पदर लावला. नेमू सरकून पुढं गेला आणि लहानपणी बसायचा तसा त्यांच्या मांडीशी लागून बसला. छत्तीस वर्षांचा दणकट बाप्या.

"तेव्हा मला मामाकडं पाठवलं असतं," तो म्हणाला, "तर आईबरोबर बापही गेला असता माझा. ती वर्षं मला कुणी परत दिली ना, आप्पा, तर मी पुन्हा तिथंच येऊन बसेन. फक्त खिडकी उघडी ठेवू आपण."

आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग चंदनाकडं बघून म्हणाले, "आण ते पाणी." तांब्या रिकामा करून पुढं म्हणाले, "तुझ्यावर लई अन्याव झाला, पोरी. रत्नी बोलायची तवा मी ओसरीवरच असायचो. ऐकू यायचं मला."

"जाऊ द्या आप्पा," चंदना म्हणाली.

"कुठं जाऊ देतीस? ह्या गावात तुझ्यासारख्या किती असतील?"

दोन दिवसांनी त्यांनी नेमूला विचारलं. कारागिरांची सभा बोलावतो, सगळं सांगतो; तुझं नाव घेऊ का? नेमूनं पॉलिशचं फडकं खाली ठेवलं. तालमीतले दोस्त, व्यापारी, गल्लीतली पोरं, सगळ्यांसमोर हे? "नको आप्पा," तो म्हणाला. "माझं नको."

"बरं," आप्पा म्हणाले. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

सभा बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, अंगणात भरली. जिनबिंबाचं दर्शन घेऊन लोक तिथंच सतरंजीवर बसले. बायका कडेच्या कट्ट्यावर. आप्पांनी स्वतःचं धातुचित्र मोठं करून भिंतीवर दाखवलं. ते पिवळे दिवे बघायला काही जण पुढं सरकले.

"हे मी हाय," आप्पा म्हणाले. "तुम्ही समदे असंच आतून पेटलाय. ह्यानं मूत्रपिंडं जातात, हाडं ठिसूळ हुतात. आणि पोरं हुत न्हाईत. पोरं न झाली की आपण सुनंला बोलतो. तिला देवाला न्हेतो, बाबाकडं न्हेतो. दोष आपल्या धुरात असतो."

कुजबुज सुरू झाली. मागून भरत मगदूम उठला. गावातला मोठा व्यापारी. केडियम तोच पुरवायचा. "आप्पा, तुमचं वय झालं, तुम्हाला मान आहे," तो गोड आवाजात म्हणाला. "पण तुम्ही जन्मभर हेच काम केलंत आणि तुम्हाला मुलगा झाला की! मग धुराला कशाला नावं ठेवायची? जिथं दोष आहे तिथं आहे. आता घरोघरचं मी काय सांगणार." आणि त्यानं हलकेच कट्ट्याकडं पाहिलं. चंदना बसली होती तिकडं.

दोघं-तिघं हसले.

मुलगा झाला तेव्हा घरात केडियम नव्हतं, हे उत्तर आप्पांजवळ होतं. पण पुढचा प्रश्न मुलावरच आला असता, आणि त्यांनी शब्द दिला होता. ते नुसते उभे राहिले. चंदना समोर बघत होती, मान सरळ ठेवून. ती सरळ ठेवायला किती जोर लागत असेल ते नेमूला दिसत होतं.

तो कधी उठला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"दोष माझ्यात आहे," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला, "माझ्यात! माझी तपासणी झालीय. चंदनात काही नाही, कधीच नव्हतं. तिला एकटीला आठ वर्षं दवाखाने हिंडवलं मी, आणि स्वतः भिऊन घरी बसलो. मी जन्मलो तेव्हा आमच्याकडं केडियम नव्हतं. मी त्यातच वाढलो. दर पंधरवड्याला सुई घेतोय. बरा होईन की नाही माहीत नाही. ज्याला हसायचंय त्यानं माझ्याकडं बघून हसावं. तिच्याकडं बघायचं नाही."

कुणी हसलं नाही. भरत मगदूम खाली बसला. मग पुढच्या रांगेतला एक तरणा कारागीर, गेल्याच वर्षी लग्न झालेला, नेमूकडं न बघता विचारता झाला, "नेमूदादा, ती गाडी किती वाजेपर्यंत असते?"

दुसऱ्या दिवशी गाडीसमोर रांग होती. पुरुष कानाला मोबाईल लावून उभे, जणू दुसऱ्याच कामाला आलेत. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत गोष्टी अशा फिरल्या की कुणाला वाटलं नसतं. आसपासच्या गावांतले मुलीचे बाप पत्रिकेआधी मुलाचं धातुचित्र मागायला लागले. एका स्थळानं तर चक्क उलट निरोप पाठवला, 'आधी खेकडा लावून घ्या, मग बोलू.' मुलांचे बाप चिडले, व्यापारी चिडले. पण पोरांची लग्नं अडली तेव्हा केडियमचं दुकान आपोआप मिटलं. प्रकाशाच्या किरणानं सांधा जोडणारी बिनधुराची यंत्रं आली. आप्पांना ती पहिल्यांदा मुळीच पटली नाहीत. "ह्याला ना धूर, ना वास. काम झालं हे कळायचं कसं?" ते म्हणायचे. पण चंदना शिकली आणि त्यांच्यासमोर सांधा जोडून दाखवला, तेव्हा त्यांनी तो नखानं चाचपला, पुन्हा चाचपला आणि "हं" म्हणाले. आप्पांच्या 'हं'साठी गावातले कारागीर वर्षानुवर्षं थांबायचे.

खुद्द आप्पांना खेकडा देता आला नाही. त्यांची मूत्रपिंडं एवढा धातू वाहून नेताना फुटली असती. पथ्य आणि तपासण्या, एवढंच. "माझं काय अडलंय त्याच्यावाचून?" ते म्हणाले.

दरम्यान, उपचार चालू असताना नेमूची मधली तपासणी कोरडी गेली. शेवटच्या सुईनंतरचीही. तेव्हा मुजावर डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊन तो जिन्यातच बसला. चंदना शेजारी बसली आणि पिशवीतून दोन केळी काढली.

"खा. आणि ऐका. नाही झालं तर नाही झालं. मी कुंकवाचं ताट मान वर करून धरतेय आता, तेवढं पुरे आहे मला."

"पुरे आहे?"

"नाही," ती म्हणाली. "पण खा."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी दोघांनाही आत बोलावलं. पडद्यावर थेंब मोठा करून लावला होता. बराच वेळ काही दिसेना. मग एका कोपऱ्यातून शेपटी हलवत काहीतरी आलं. त्यामागून आणखी एक. फार नव्हते, मोजके, विस्कळीत. एक तर नुसता स्वतःभोवती फिरत होता.

"हे... माझे?" नेमूनं विचारलं.

"तुमचेच," डॉक्टर म्हणाल्या. "थोडे आहेत, प्रयोगशाळेची मदत लागेल. पण जिवंत आहेत."

चंदना पडद्याजवळ गेली आणि त्या गोल फिरणाऱ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हा तर हुबेहूब तुमच्यासारखा. बाजारात पाठवलं की असाच हिंडत बसतो." आणि ती इतकी हसली की डॉक्टरांनाही हसू आवरेना. हसता हसता कधी ती रडायला लागली ते कुणाला कळलं नाही.

मुलगी झाली. पावणेतीन किलोची, डोकंभर जावळ असलेली. सगळी हेरवडी बघायला लोटली. रत्नाआत्ती दोन दिवस आधी येऊन राहिली होती. चंदनाची माफी तिनं शब्दांनी मागितली नाही, पण तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळताना हात आखडला नाही.

एक गोष्ट मात्र नेमूच्या लक्षात आली. आप्पा मुलीला घेत नव्हते. पाळण्यापाशी यायचे, लांबूनच जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचे, तिनं डोळे वळवले की दिवसभर सगळ्यांना सांगायचे. पण कुणी "घ्या की आप्पा" म्हटलं की त्यांना काहीतरी आठवायचं. नळ चालू राहिलाय. दारात कुणी आलंय. गुडघा दुखतोय. आठवडा गेला, दुसरा गेला.

चंदनाला आधी कळलं. तिनं मुजावर डॉक्टरांना फोन लावला, पडदा आप्पांसमोर धरला आणि म्हणाली, "विचारा. जे मनात आहे ते विचारा."

आप्पा अवघडले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, माझ्या अंगात अजून समदं तसंच हाय. मी हिला उचलली, छातीशी धरली... तर माझ्यातलं हिच्यात जाईल का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही आप्पा. ते तुमच्या मूत्रपिंडात आणि हाडांत अडकलंय. कपड्यांवरची कामाची धूळ धोक्याची होती, ती आता तुमच्या घरात नाही. तुमच्या कातडीतून, श्वासातून तिच्याकडं काही जाणार नाही. तिला खुशाल घ्या. हवा तेवढा वेळ घ्या."

"नक्की?"

"नक्की."

तरी आप्पा न्हाणीत गेले. कोपरापर्यंत हात धुतले, धुतलेलं धोतर नेसले आणि येऊन भिंतीला टेकून बसले. चंदनानं मुलीला त्यांच्या हातांत ठेवलं. एका केसाएवढा सांधा न चुकणाऱ्या त्या हातांना तिचं डोकं कुठं टेकवायचं ते आधी उमगेना. मुलीनं डोळे उघडून त्यांच्याकडं पाहिलं, जांभई दिली आणि त्यांच्या सदऱ्याची गुंडी मुठीत धरून झोपून गेली. आप्पांनी श्वाससुद्धा जपून घेतला. संध्याकाळच्या सुमारास तिनं चुळबूळ सुरू केली, मग रडायला सुरुवात केली.

"आप्पा, द्या की आता," चंदना म्हणाली. "भूक लागली असेल तिला."

"थांब जरा," आप्पा म्हणाले. "आत्ता तर घेतलीय."